‘झाँग’ जहाजाचे कागद: वाचक-कार्डापासून शेवटच्या पानापर्यंत

मुंबईत फोर्टातल्या एका कचेरीत मी अकरा वर्षं मरीन विम्याचे क्लेम बघत होते. न्हावाशेव्याहून निघालेला नाशिकच्या द्राक्षांचा रीफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर रॉटरडॅमला उघडला आणि आतला माल काळा पडलेला निघाला, की ती फाइल माझ्या टेबलावर यायची. सर्व्हे रिपोर्ट, टॅली शीट (चढवलेल्या-उतरवलेल्या मालाची मोजणी), बिल ऑफ लेडिंग (जहाजानं माल घेतल्याची पावती) समोर ठेवायचं आणि ठरवायचं, की नुकसान समुद्रामुळे झालं की मालाच्या अंगच्या स्वभावामुळे. समुद्रामुळे झालं असेल तर पैसे मिळतात, माल आपल्या स्वभावानं नासला असेल तर मिळत नाहीत. या दुसऱ्या प्रकाराला आमच्या धंद्यात ‘इनहेरंट व्हाइस’ म्हणतात. हा शब्द मी शेकडो पत्रांत लिहिला आहे.

२०२३ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही लंडनला आलो आणि हाउन्स्लोत राहायला लागलो. पुन्हा काम मिळवायचं तर इथली परीक्षा दिलेली बरी, म्हणून अभ्यासाला बसले. जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात ‘जेटिसन’ वाचत होते. जहाज बुडायची वेळ आली आणि ते वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला, तर त्याची भरपाई मिळते, असा हा जुना नियम. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याला जो पॉलिसीचा जुना नमुना जोडला आहे, त्यातही हा शब्द आहे, त्यामुळे मला तो पाठच होता. त्या प्रकरणाच्या शेवटी जुन्या खटल्यांची यादी होती. त्यात एक ओळ: ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट, १७८३, जहाजावरून गुलाम फेकले, मालकांचा दावा.

मी पुढची ओळ वाचली. मग परत मागे आले. अकरा वर्षांत फेकलेल्या लाकडाचे, पिंपांचे, गोण्यांचे दावे पाहिले होते. इथं त्याच रकान्यात माणसं होती.

त्या रात्री जे सापडलं ते वाचलं. हकीकत अशी. ‘झोर्ग’ नावाचं एक डच गुलामवाहू जहाज फेब्रुवारी १७८१ मध्ये इंग्रजांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पकडलं. डच भाषेत झोर्ग म्हणजे काळजी. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या एका गटासाठी ते विकत घेतलं गेलं. विल्यम ग्रेगसन त्यांतला मुख्य. जहाजाचं नाव झालं ‘झाँग’. कप्तान ल्यूक कॉलिंगवूड. तो आधी दुसऱ्या गुलामवाहू जहाजावर डॉक्टर होता आणि त्यापूर्वी त्यानं कधी जहाज चालवलेलं नव्हतं. १८ ऑगस्ट १७८१ ला आक्र्याहून जहाज निघालं तेव्हा त्यावर ४४२ आफ्रिकी माणसं होती. जहाज होतं ११० टनांचं. पुढे १७८८ मध्ये इंग्लंडच्या संसदेनं जहाजात किती माणसं कोंबायची यावर पहिली मर्यादा घातली. त्या कायद्याच्या हिशोबानं एवढ्या जहाजावर १८३ माणसं बसली असती. आणि तोही कायदा दयेचा नव्हता, तीन टनांमागे पाच माणसं असा तो हिशोब होता.

नोव्हेंबर संपता संपता साठाहून जास्त आफ्रिकी आणि सात खलाशी मेले होते. जमैका दिसलं, पण ते दुसरं बेट समजून जहाज पुढे गेलं. चूक कळली तेव्हा पाणी पुरणार नाही असं सांगण्यात आलं. २९ नोव्हेंबरला ५४ बायका-मुलांना केबिनच्या खिडक्यांतून समुद्रात टाकलं. १ डिसेंबरला ४२ पुरुषांना. पुढच्या दिवसांत आणखी ३६ जणांना. दहा जणांनी खलाशांच्या हाती लागण्याआधी स्वतःच उडी घेतली. २२ डिसेंबरला जमैकाच्या ब्लॅक रिव्हर बंदरात जहाज लागलं, तेव्हा २०८ जण जिवंत होते आणि जहाजावर ४२० गॅलन पाणी होतं.

मग मालकांनी विमावाल्यांकडे (गिल्बर्ट त्यांतलाच एक) दर माणशी ३० पौंडांचा दावा लावला.

दुसऱ्या दिवशी अभ्यासाचं पुस्तक उघडलं नाही. मला तो दावा पाहायचा होता, मूळ कागद. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, इतकं जुनं कशाला उकरतेस? त्रास होईल तुला.” मी म्हटलं, “आई, मी हेच काम केलंय गं इतकी वर्षं.” ती गप्प राहिली.

आता प्रक्रिया सांगते. मला सुरुवातीला वाटलं होतं की असे कागद फक्त प्राध्यापकांना बघायला मिळतात, कुणाचं तरी शिफारसपत्र लागेल, फी भरावी लागेल. तसं काही नाही. पहिला कागद लंडनच्या नैऋत्येला क्यू इथं राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तिथं वाचक-कार्ड फुकट मिळतं. आधी त्यांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, मग प्रत्यक्ष जाऊन दोन पुरावे दाखवायचे, एक नावाचा आणि एक पत्त्याचा. जुने दस्तऐवज कसे हाताळायचे याची छोटीशी चित्रफीत बघावी लागते. तिथंच फोटो काढतात आणि कार्ड हातात देतात. ते तीन वर्षं चालतं.

शनिवारी, ३ फेब्रुवारीला, मी पहिल्यांदा गेले. हाउन्स्लोहून बसनं, तिकीट तेव्हा १ पौंड ७५ पेन्स. एका तासाच्या आत बस बदलली तर दुसरीचे पैसे पडत नाहीत, म्हणून ट्यूबपेक्षा हे बरं. पासपोर्ट नेला होता. पत्त्यासाठी विजेचं बिल नेलं होतं आणि ते होतं नवऱ्याच्या नावावर. खिडकीवरच्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं की पुरावा तुमच्या नावाचा हवा. चूक माझीच होती, नियम आधीच लिहिलेला होता. परदेशात नवीन आलेल्या बायकांनी हे एक लक्षात ठेवा: घरातलं निदान एक बिल किंवा बँकेचं एक पत्रक पहिल्या महिन्यातच आपल्या नावावर करून घ्या. मला बँकेकडून माझ्या नावाचं पत्रक पोस्टानं येईपर्यंत दहा दिवस थांबावं लागलं.

ते दहा दिवस वाया गेले नाहीत. अभिलेखागारानं जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचायला शिकवणारे मोफत धडे ऑनलाइन ठेवले आहेत, ते रोज रात्री तासभर केले. माझे आजोबा मोडी वाचायचे. ते म्हणायचे, आधी अक्षर ओळखायला जाऊ नकोस, आधी लिहिणाऱ्याचा हात ओळख. इथं तेच कामी आलं. शब्दाच्या मधला ‘एस’ तेव्हा लांबट काढत आणि तो अगदी ‘एफ’सारखा दिसतो. सुरुवातीला ‘लॉस’ हा शब्द मला दर वेळी ‘लॉफ्स’ दिसायचा. अठराव्या शतकातल्या दस्तऐवजांची आपल्याला वाटते तेवढी भीती बाळगायचं कारण नाही. १७३३ पासून तिथल्या कोर्टाचं काम लॅटिनऐवजी इंग्रजीत व्हायला लागलं, त्यामुळे भाषा कळते. फक्त वाक्य संपता संपत नाही.

याच दिवसांत गुलामवाहू जहाजांच्या फेऱ्यांचा जो मोठा माहितीसंग्रह इंटरनेटवर सर्वांसाठी खुला आहे, तो पाहिला. जहाजाचं नाव टाकलं की निघायचं ठिकाण, पोहोचायचं ठिकाण, चढवलेली माणसं आणि उतरवलेली माणसं असे रकाने येतात. एकूण अंदाज असा की साडेतीनशे वर्षांत सुमारे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख अमेरिकेच्या बाजूला उतरली. मधले १८ लाख समुद्रात गेले. चढलेला माल आणि उतरलेला माल यांतल्या फरकाला आम्ही ‘शॉर्ट लँडिंग’ म्हणतो. मी तो माहितीसंग्रह बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मंगळवारी, १३ फेब्रुवारीला, कार्ड मिळालं. मंगळवार आणि गुरुवार तिथं संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं, म्हणून नोकरी करणाऱ्यांनी हे दिवस निवडावेत. रविवार-सोमवार बंद. पर्स, कोट, पेन, खोडरबर, पाण्याची बाटली सगळं खाली लॉकरमध्ये ठेवायचं. आत फक्त पेन्सिल, सुटे कागद, लॅपटॉप आणि फोन, तेही पारदर्शक पिशवीत. फोनवर फोटो काढायला पैसे नाहीत. पेन्सिली दोन तरी न्या, कारण टोकयंत्रही आत नेता येत नाही. डबा नेला तर खाली बसून खाता येतो. आणि एक स्वेटर ठेवा, कागदांसाठी खोली थंडच ठेवतात.

मागवायच्या दस्तऐवजाचा क्रमांक मी आधीच शोधून ठेवला होता: ई ११२, मग १५२८, मग १७३. एक्सचेकर नावाच्या कोर्टातला हा दावा. कॉम्प्युटरवर कार्ड क्रमांक टाकून मागणी केली. तासाभरात येईल असं दिसलं. काही कागद दूर ठेवलेले असतात आणि त्यांना दिवस लागतात, म्हणून घरूनच तपासून जावं.

तो एक तास लांबला नाही, पण मला लांब वाटला. शेजारी एक आजोबा पहिल्या महायुद्धातल्या कुणा नातेवाइकाचा कागद बघत होते. भिंगातून एकेक ओळ बघत, मधेच थांबून खिडकीबाहेर पाहत.

गुंडाळी मोठी होती, म्हणून मला वरच्या मजल्यावर मोठ्या दस्तऐवजांच्या खोलीत पाठवलं. चर्मपत्र म्हणजे काय हे मला पुस्तकातून माहीत होतं, हात कधी लागला नव्हता. एका बाजूनं पिवळसर आणि गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं किंचित खरखरीत, आणि उजेडात तिरपं धरलं की केसांची बारीक छिद्रं दिसतात. मेंढीची कातडी. ते उलगडलं की पुन्हा गुंडाळलं जायला बघतं. म्हणून कापडात शिवलेली वजनं कडेनं ठेवायची. तिथल्या माणसानं ती कशी ठेवायची ते एकदा करून दाखवलं आणि निघून गेला.

मी आधी सगळ्या पानांचे फोटो घेतले आणि मग वाचायला लागले. ज्यांना असं काही वाचायचं असेल त्यांनी हाच क्रम ठेवावा. कारण एकदा वाचायला लागलं की वेळेचं भान राहत नाही आणि बंद व्हायची वेळ होते.

खटला कसा चालला ते थोडक्यात. ६ मार्च १७८३ ला लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पहिली सुनावणी झाली आणि ज्यूरीनं मालकांच्या बाजूनं निकाल दिला: विमावाल्यांनी पैसे द्यावेत. विमावाल्यांनी फेरसुनावणी मागितली. २१ आणि २२ मे ला लॉर्ड मॅन्सफिल्ड आणि दोन न्यायाधीशांपुढे ती मागणी चालली. हेच मॅन्सफिल्ड १७७२ मध्ये म्हणाले होते की इंग्लंडमध्ये आणलेल्या गुलामाला मालकानं जबरदस्तीनं देशाबाहेर नेता येणार नाही. ११ वर्षांनी, या खटल्यात, पहिल्या सुनावणीबद्दल बोलताना त्यांनी म्हटलं की गुलामांचा मामला हा घोडे समुद्रात टाकल्यासारखाच आहे, याबद्दल ज्यूरीला शंका नव्हती. तरी फेरसुनावणीचा हुकूम झाला. कारण मधे पाऊस पडला होता, पिंपं भरून घेतली होती आणि त्यानंतरही माणसं टाकली होती, असं पुढे आलं. ज्या निकडीवर दावा उभा होता, ती निकडच राहिली नव्हती.

क्यूमधला कागद या भांडणाचीच दुसरी बाजू आहे. विमावाल्यांनी एक्सचेकर कोर्टात जाऊन मालकांकडून आणि जहाजावरच्या माणसांकडून शपथेवर उत्तरं मागितली. त्यांतलं एक उत्तर जेम्स केल्सॉलचं आहे. हा जहाजाचा पहिला मेट, म्हणजे कप्तानानंतरचा अधिकारी. कप्तान कॉलिंगवूड जमैकाला पोहोचून तीन दिवसांत मेला होता आणि जहाजाची लॉगबुक, म्हणजे प्रवासाची रोजची नोंदवही, गायब होती. ज्या दाव्यात लॉगबुक नाही, त्यावर आमच्या कचेरीत कुणी सहीही केली नसती. तिथं ज्यूरीनं पैसे द्यायला सांगितले.

केल्सॉलनं लिहून दिलंय की आपण आधी विरोध केला. आणि मग आपणही त्यात होतो. हे वाचताना मला त्याचा राग येत होता आणि तरी मी त्याच्याच शब्दांवर अवलंबून होते. दुसरं कुणी त्या डेकवरून माझ्याशी बोलणारं नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमाराला मी ज्या ओळींपाशी पोहोचले, त्यांसाठी हा सगळा लेख लिहिते आहे. जहाजावरच्या कैद्यांत एकाला इंग्रजी येत होतं. त्यानं केल्सॉलला सांगितलं की खाली सगळे आक्रोश करताहेत. आम्हाला जगू द्या. आम्ही अन्न मागणार नाही, पाणी मागणार नाही, बंदर येईपर्यंत दोन्हींशिवाय राहू.

पाणी पुरत नाही म्हणून तुम्ही आम्हाला मारताय ना, मग आम्हाला पाणीच देऊ नका. यापेक्षा नेमकं उत्तर कुठल्याही वकिलानं दिलं नसतं. कोर्टात जे महिनोन्‌महिने चाललं, ते या माणसानं तिथल्या तिथे, साखळ्यांत, परक्या भाषेत मांडलं होतं. त्याचं ऐकलं नाही. त्याचं नाव कागदात नाही. कुणाचंच नाही. मी सगळी पानं पुन्हा फक्त नावांसाठी चाळली. ग्रेगसन आहे, केल्सॉल आहे, कॉलिंगवूड आहे, स्टब्स नावाचा एक प्रवासी आहे. बाकी सगळीकडे ‘स्लेव्ह्ज’ आणि त्याच्या आधी आकडा.

तो आकडाही जुळत नाही. कुठे १३२ आहे, कुठे १४२. मी कचेरीत असताना २५ किलोच्या सहा गोण्यांचा फरक लागला म्हणून आठवडाभर टॅली शीट तपासली आहे. इथं दहा माणसं इकडची तिकडे होतात आणि पुढचं वाक्य तसंच चालू राहतं. मी पेन्सिलीनं १३२ गुणिले ३० केलं. ३,९६०. वर्षानुवर्षं असे गुणाकार करणारा माझाच हात होता. तो आकडा मी लगेच खोडून टाकणार होते, पण खोडरबर खाली लॉकरमध्ये होता. तो माझ्या कागदावर अजून तसाच आहे.

साडेपाचला कागद परत केला. परत करताना गुंडाळी होती तशीच द्यायची आणि पानांचा क्रम बदलायचा नाही, एवढं सांभाळा. बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसले. घरी नवऱ्यानं खिचडी टाकली होती. त्यानं विचारलं, “सापडलं का?” मी त्या ओळी मराठीत करून सांगितल्या. तो म्हणाला, “परत सांग.” मी परत सांगितल्या.

मग काही दिवस मी धंद्याच्या अंगानं वाचत राहिले, कारण मला एक गोष्ट कळत नव्हती. ज्यूरी इतकी सहज तयार कशी झाली? उत्तर विम्याच्या त्या काळच्या नियमांत आहे. १७८१ मध्ये, म्हणजे झाँगच्याच वर्षी, लंडनला छापलेल्या विम्याच्या एका कोशात लिहिलं होतं की गुलाम पकडले गेले किंवा काही टाळता न येणारा अपघात झाला तर विमावाला जबाबदार, पण ‘नैसर्गिक मृत्यू’ झाला तर नाही. आणि नैसर्गिक मृत्यू म्हणजे आजारानं मरणं, तसंच निराशेनं जीव देणं. मात्र बंड मोडण्यासाठी गुलाम मारले किंवा समुद्रात टाकले तर विमावाल्यानं पैसे द्यायचे.

हे वाचल्यावर मला माझी द्राक्षं आठवली. निराशेनं जीव देणं हा मालाचा स्वभाव धरला होता. इनहेरंट व्हाइस. आजारी माणूस जहाजावर मेला तर नुकसान मालकाचं. तोच जिवंतपणी समुद्रात टाकला आणि ‘निकड होती’ म्हटलं तर नुकसान विमावाल्यांचं. जमैकात अशा माणसाची सरासरी किंमत ३६ पौंड आली, आजारी असता तर कमी आली असती. विमा ३० पौंडांचा. कप्तानाच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, पण तो हिशोब करायला अर्धं मिनिटही लागत नाही, हे मी खात्रीनं सांगू शकते.

दुसरा कागद ग्रिनिचला आहे, राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या केअर्ड ग्रंथालयात. त्याचा क्रमांक आरईसी १९. तिथंही नाव नोंदवावं लागतं, तेही फुकट. क्यूचं कार्ड तिथं चालत नाही, वेगळी नोंदणी करावी लागते. उघडं असण्याचे वार आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी बघून घ्या आणि दस्तऐवज आधीच मागवून ठेवा. हाउन्स्लो म्हणजे लंडनचं एक टोक आणि ग्रिनिच दुसरं, जायला दीड तासाच्या वर लागला. दोन्ही ठिकाणच्या सगळ्या फेऱ्या मिळून माझा प्रवासखर्च पंचवीस पौंडांच्या आत आटपला. बाकी खर्च नाही.

गुरुवार, ७ मार्च. पहिल्या सुनावणीला आदल्या दिवशी २४१ वर्षं पूर्ण झाली होती.

हा कागद का आहे, त्याचीही गोष्ट आहे. १९ मार्च १७८३ ला ओलाउडा इक्वियानो ग्रॅनव्हिल शार्पकडे गेला. इक्वियानो स्वतः गुलाम म्हणून विकला गेला होता आणि पैसे भरून मोकळा झाला होता. त्यानं शार्पला या खटल्याची बातमी दिली. शार्प गुलामगिरीविरुद्ध वर्षानुवर्षं झगडणारा माणूस. त्यानं मे महिन्याच्या सुनावणीला पदरचे पैसे देऊन लघुलिपी लिहिणारा बसवला आणि कोर्टात जे बोललं गेलं ते सगळं उतरवून घेतलं. म्हणून घोड्यांचं ते वाक्य आज आपल्याला माहीत आहे.

ग्रिनिचला मी फोटो घेतले नाहीत, पेन्सिलीनं उतरवून घेतलं. हात हळू चालतो आणि डोळा थांबतो. अक्षर क्यूच्या कागदापेक्षा कितीतरी सोपं आहे. वकील बोलताहेत, न्यायाधीश मधेच विचारताहेत, सगळं आजच्या कोर्टासारखं ऐकू येतं. मालकांचा वकील सॉलिसिटर जनरल जॉन ली होता. त्याचं म्हणणं एकच: हा मालाचा खटला आहे, माणसांचा प्रश्न इथं आणूच नका. विमावाल्यांचे वकील खुनाची भाषा बोलतात. वाचताना त्यांच्या बाजूनं मन ओढलं जातं. पण मी त्याच बाजूच्या टेबलावर बसून आयुष्य काढलं आहे, म्हणून मला हेही दिसत होतं, की पावसाची पिंपं भरल्याचं पुढे आलं नसतं, तर विमावाल्यांना पैसे द्यावेच लागले असते. केल्सॉलचं उत्तर मागवलं गेलं ते माणसं मेली म्हणून नाही, पैसे द्यायचे नव्हते म्हणून. इंग्रजी येणाऱ्या त्या माणसाची विनंती चर्मपत्रावर उतरली ती तेवढ्यासाठी. हे मला अजून पचलेलं नाही.

एका ठिकाणी असंही येतं की पाण्यात टाकलेल्यांपैकी एक जण दोरी धरून पुन्हा जहाजावर चढला. एवढंच. तो ब्लॅक रिव्हरला उतरलेल्या २०८ जणांत असणार. मी ती ओळ दोनदा उतरवली.

फेरसुनावणी पुढे झाल्याची कुठलीही नोंद मिळत नाही. शार्पनं जुलै १७८३ मध्ये नौदलाच्या वरिष्ठांना पत्र लिहून खुनाचा खटला भरा अशी मागणी केली, बरोबर हे सगळं उतरवलेलं बाड जोडलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. एकाही माणसावर खुनाचा खटला चालला नाही. १७९० मध्ये कायदा झाला की कुठल्याही कारणानं गुलाम समुद्रात टाकले तर त्याची विमाभरपाई मिळणार नाही. गुलामांचा व्यापारच इंग्लंडनं बंद केला तो १८०७ मध्ये. जहाजाचं नाव बदलून ‘रिचर्ड ऑफ जमैका’ झालं आणि ते चालत राहिलं.

पावणेचारला मी बाड परत केलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता. आईला तिथूनच फोन लावला, भारतात रात्रीचे सव्वानऊ वाजले असतील. तिनं पहिलंच विचारलं, “नावं मिळाली का गं त्यांची?”

“नाही गं आई. एकाचंही नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, “ते पाण्याचं जे सांगितलंस, ते मला एका कागदावर लिहून पाठव.”

एप्रिलमध्ये परीक्षा दिली. जेटिसनवर प्रश्न आला होता. व्याख्या लिहिली, नियम लिहिला आणि उदाहरणात ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट लिहून कंसात ५४ बायका-मुलं, ४२ पुरुष, मग ३६ असं लिहिलं. त्याला वेगळे गुण नव्हते.

क्यूचं कार्ड २०२७ च्या फेब्रुवारीपर्यंत चालेल. अजून किंग्ज बेंच कोर्टाच्या, म्हणजे मॅन्सफिल्डच्या कोर्टाच्या, नोंदी पाहायच्या आहेत, त्या मोठ्या आहेत आणि जास्त वेळ मागतील. केल्सॉलच्या उत्तरातल्या त्या ओळी मी अक्षर-अक्षर लावून उतरवल्या आहेत, मराठी करूनही ठेवल्या आहेत. कुणाला हव्या असतील तर पाठवीन. दोन-तीन शब्द मला अजून नक्की लागलेले नाहीत. ज्यांना अठराव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर वाचता येतं, त्यांनी ते तपासून दिले तर बरं होईल.